पगारेमामांची चौकशी

ज्ञान झालंय असं लोक ज्यांच्याबद्दल सांगतात, अशी तीन-चार माणसं मी आयुष्यात पाहिली. त्यातल्या एकाच्याच घरी माझं रोजचं जाणं-येणं होतं. ते म्हणजे सावळीराम पगारे. नाशिकला नासर्डीच्या पलीकडे आमची वसाहत होती. एकाहत्तर साली लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा ते आमच्या समोरच्या खोल्यांत राहत. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, ते पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. वसाहतीत सगळे त्यांना पगारेमामा म्हणत.

त्यांचं काम पाणी सोडण्याचं. पहाटे साडेचारला माणसाच्या उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते निघत आणि गंगापूर रोडच्या बाजूच्या गल्ल्यांचं पाणी ठरलेल्या क्रमाने सोडत जात. चौथीपर्यंत शिकलेले. मूळ गाव सिन्नरकडचं. छप्पन साली घराने बौद्ध धर्म घेतला तेव्हा वडिलांबरोबर जाऊन देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडून आलेला हा माणूस. देवाधर्माचं बोलणं निघालं की उठून जायचा.

खात्यात त्यांच्या कानाचं नाव होतं. जमिनीखालची लाइन कुठे गळते हे कळेना की त्यांना बोलावत. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीत रोवून दुसऱ्या टोकाला कान लावायचे आणि दोन-चार जागा बदलून सांगायचे, "हितं खणा." बहुतेक वेळा पाणी तिथेच निघायचं. घरात मात्र हा कान उपयोगी पडत नसे. चंद्रभागामामी एक बोलल्या तर ते दुसरंच ऐकत, आणि ताट सरकवून उठत. त्यांचा आवाज आमच्या खोलीत स्पष्ट यायचा. मी नवीन होते, मला भीती वाटायची.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका जुन्या बिडाच्या पाइपावरची गळती शोधायला ते चरात उतरले होते. चर डोक्याएवढा खोल, काळी माती, आतून भिजलेली. खणायला पेठकडून आलेली माणसं होती. भाताचं काम संपलं की ती मंडळी चार महिने शहरात खोदकामाला येत. मामांनी पाइपाला कान लावला आणि एका बाजूची भिंत बसली. ते पूर्ण झाकले गेले.

वरच्या माणसांनी टिकाव उचलले. त्यांच्यातली झुंबरबाई म्हणून पन्नाशीची बाई ओरडली, की टिकाव लावू नका, डोकं फुटेल. ती चरात उडी मारून हातांनी माती उपसायला लागली. मग बाकीचेही उतरले. मामांचं तोंड मोकळं झालं तेव्हा ते काळेनिळे पडले होते. छातीपर्यंत मोकळे करून त्यांना वर ओढलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या.

आणखी कोणी दबलंय का ते झुंबरबाईला पाहायचं होतं. तिने मामांचा गाल थोपटत विचारलं, "आत कोन आहा?"

मामा म्हणाले, "मी."

"तू त भाहेर आहास. आत कोन रहला?"

 मामा पुन्हा म्हणाले, "मीच." बाई वैतागली आणि चरात हात घालून स्वतःच चाचपायला लागली. आत कोणीच नव्हतं.

एवढंच झालं. दवाखान्यात चार दिवस आणि घरी सहा आठवडे पडून राहावं लागलं. त्या सहा आठवड्यांत त्या प्रश्नाने त्यांना सोडलं नाही. पुढे त्यांनी मला सांगितलं ते असं: "बाईचं इचारणं सरळ हुतं. पण मी 'मी' म्हणलो आन् ती म्हणली तू तर भायेर हायेस. मंग आत मी म्हणणारा कोण हुता? पडल्या-पडल्या दुसरं कामच नव्हतं. बरगडी दुखायची. मी इचारायचो, कोणाला दुखतंय? मला. मी म्हंजे कोण? सावळीराम. ते तर नाव झालं, आत्याबाईनं ठेवलेलं. नाव ठेवायच्या आधी पाळण्यात कोण हुतं? मी अंग धरायचो, तर अंग दिसायचं. दिसतंय ते तर समोर हाय, मंग बघतंय कोण? मी राग धरायचो, तर राग यायचा आन् जायचा. जाणारी वस्तू मी कशी? असं एकेक सोडत गेलो."

मामी त्या दिवसांत माझ्याकडे येऊन रडल्या होत्या. म्हणाल्या, "डोक्याला मार लागलाय वाटतं, बाई. भिंतीकडं बघत पडत्यात. शिव्यासुद्धा देत नाहीत."

मामा मार्चअखेर कामावर परत गेले. जूनमधल्या एका सकाळी ते घडलं, ज्याला पुढे लोक त्यांची जागृती म्हणायला लागले. ते एका गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडत होते. त्या व्हॉल्व्हला चौदा आटे, म्हणजे चावीचे चौदा फेरे द्यावे लागत. "बारा आटे झाले," मामा सांगत, "मोजणं चालू हुतं. हात फिरत हुते. मी म्हणलं, बघू मोजणारा कुठं हाय. बघाया गेलो तर कोणी न्हवतं. मोजणं हुतं, हात हुते, चावी हुती, सकाळ हुती. मोजणारा न्हवता."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? दोन आटे ऱ्हायले हुते. ते दिले आन् फुडल्या गल्लीत गेलो."

हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. कारण फरक मला दिसत होता. समोरून येणारा आवाज थांबला होता. मामींना मी एकदा विचारलं की तुम्हाला काय वाटतं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ज्ञानबिन मला काय कळत नाही. पहिलं भाजीत मीठ कमी पडलं का ताट सरकवायचे. आता मीठ मागून घेत्यात. एवढंच झालंय." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "एवढ्यालाच वीस वर्षं गेली."

शहात्तर साली मामा झुंबरबाईला भेटायला पेठच्या पुढच्या तिच्या पाड्यावर गेले. बरोबर शेर-दीड शेर जिलेबी आणि एक लुगडं. एसटीने गेले, पुढे दोन तास चालले. बाईने त्यांना ओळखलं, पण आपण काय विचारलं होतं ते तिला आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती त्यांची चप्पल. एक सापडली होती, दुसरी मातीतच गेली. मामांनी सगळं सांगितलं, सहा आठवडे, चौदा आटे, सगळं. तिने नागली पाखडत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता बरा आहास ना?"

"बरा हाय."

"मंग झालं."

मामा म्हणायचे, एवढं चांगलं मला कोणी तपासलं नाही. ही हकीकत ते लोकांना आवडीने सांगत. विशेषतः गुरू कोण म्हणून कोणी विचारलं की.

लोक यायला लागले ते भिकन सरांमुळे. भिकन सर माझ्या शाळेत होते, नामपूरकडचे. हुशार, वाचणारे आणि कायम अस्वस्थ. मी शाळेत मामांचा विषय काढला आणि ते पुढच्याच रविवारी सायकल घेऊन हजर झाले. मग दर रविवारी. त्यांच्यामागून आणखी कोणी. अठ्ठ्याहत्तरपर्यंत मामांच्या ओट्यावर रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं बसत. कारखान्यातले कामगार, दोन कारकून, एक कंपाउंडर, पंचवटीतले दोघे-तिघे. मामा मध्ये बसत नसत, खांबाला टेकून कडेला बसत.

मामांच्या या 'मी कोण' विचारण्याला पंचवटीतले एक पेन्शनर इंजिनिअर आत्मविचार म्हणत. मामा म्हणाले, "तुमचा शब्द मोठा हाय. मी चौकशी म्हणतो. हापिसात जाऊन आपण इचारतो ना, साहेब हायेत का? तसं आत जाऊन इचारायचं, हायेत का? दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः जाऊन बघायचं."

कंपाउंडरने विचारलं, "मामा, मी विचारतो, पण उत्तर येत नाही."

"उत्तर येतंय तवर चौकशी झाली नाही. जे उत्तर येईल त्यालाच इचारा, तुला कोणी धाडलं?"

"आणि ज्ञान झाल्यावर काय होतं?"

"पाणी सोडावं लागतं," मामा म्हणाले. लोक हसले, पण मामा हसत नव्हते.

आमच्या वसाहतीतल्या सगळ्यांना हे आवडत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. वसाहतीच्या समितीचे सेक्रेटरी मल्हारी पगारे, मामांचे चुलतभाऊ, रेल्वेत होते, मनमाडला जाऊन-येऊन नोकरी करत. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. एका रविवारी ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"दादा, एक विचारू? बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं. देव सोडला, आत्मा सोडला, बुवा सोडले. आणि तुमच्या ओट्यावर हे काय सुरू आहे? उद्या इथे पादुका येतील."

ओट्यावरचे लोक अवघडले. मामांनी त्यांना बसायला जागा करून दिली. ते बसले नाहीत.

"मल्हारी, आत्मा हाय असं मी कधी म्हणलो?"

"मग शोधता काय?"

"हाय का ते. तू म्हणतो नाही. मी पण बघितलं, मला नाही घावला. पण तू वाचून म्हणतो आन् मी बघून म्हणतो. तू पण एकदा बघ की."

"आणि माझी जात? तीही सापडली नाही म्हणणार का तुम्ही? तिकडे गावात लोक आपल्याला विहिरीवर चढू देत नाहीत. त्यांना जाऊन सांगू का, की चढणाराच कोणी नाही?"

मामा खांबाची टेक सोडून पुढे सरकले. मग म्हणाले, "नाय. असं सांगायचं नाय. विहिरीवर चढायचंच. मी पण येतो. फक्त घरी आल्यावर रात्रभर तो विहिरीवाला डोक्यात नाचतो ना, त्याचं मी सांगतोय. विहिरीचं तू म्हणतो तेच खरं."

मल्हारी निघून गेले. पण पुढच्या महिन्यात सिन्नरकडच्या एका गावात पाणवठ्यावरून भांडण झालं आणि समितीची माणसं निघाली, तेव्हा मामा रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. तिथे त्यांच्या पाठीत दगडही बसला. परत आल्यावर मल्हारींनी विरोध सोडला असं नाही. रविवारच्या बैठकीला ते कधी बसले नाहीत. पण पुन्हा कोणाला बोलू दिलं नाही.

पादुका आल्या नाहीत, हार आले. इंजिनिअरसाहेबांनी एकदा फोटोग्राफरच आणला. मामांनी हार काढून शेजारच्या बकरीला घातला आणि फोटोग्राफरला चहा पाजून परत पाठवलं. साहेब रागावले, पंधरा दिवस आले नाहीत, मग आले.

असं चाललं असतं. पण एक्याऐंशीच्या पावसाळ्यात भिकन सर शाळेत यायचे बंद झाले. आधी दोन दिवस, मग आठ, मग महिना. मला वाटलं आजारी असतील. एका दुपारी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई मामांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीन मुली बरोबर. मला मामींनी हाक मारून बोलावलं म्हणून मी तिथे होते.

वत्सलाबाई आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तुम्ही पगारे का?"

"हो. या, बसा."

"बसायला नाही आले. माझे मिस्टर दिवसभर घरात डोळे मिटून पडतात. शाळेत का जात नाही म्हटलं तर म्हणतात, जाणारा कोणी नाही. मोठीला ताप आला, औषध आणा म्हटलं, तर म्हणतात, बाप कोणाचा आणि मुलगी कोणाची. हे तुम्ही शिकवलं त्यांना?"

मामांनी पायात चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. मीही गेले.

भिकन सर दाढी वाढवून चटईवर पडले होते. मामांना पाहून उठून बसले, चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. म्हणाले, "मामा, झालं. काही उरलं नाही."

"पोरीला ताप हाय."

"ताप आहे. कोणाला आहे?"

मामांचा आवाज चढला. चौऱ्याहत्तरनंतर इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला. "तिला हाय! समोर उभी हाय ती! तुला भूक लागली का तू इचारतो का कोणाला लागली? जेवतो ना दोन येळा? भाकर कोण थापतं? तवा बरोबर घावतो तू, आन् दवाखान्यात जायच्या येळी हरवतो?"

मामा थांबले नाहीत.

"ही चौकशी न्हाय. ही पळवाट हाय. तू मी सोडला नाहीस, लपवून ठेवलास. सोडला असता तर पोरीला घेऊन पळत सुटला असतास, कारण मधी आडवं यायला कोणी ऱ्हायलं नसतं."

मोठ्या मुलीला मामांनी स्वतः उचललं आणि दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला. तीन आठवड्यांनी ती बरी झाली.

त्या रविवारी ओट्यावर लोक जमले तेव्हा मामा उभे राहिले. म्हणाले, "बैठक बंद. चूक माझी हाय. मी अर्धंच सांगितलं. बघणारा सापडत नाही हे मी तुम्हाला शिकवलं, पण समोरचा माणूस हाय, त्याला ताप येतो, त्याला भूक लागते, हे सांगायचं राह्यलं. मला वाटलं ते आपोआप कळतं. मला कळलं कारण माझ्या अंगावर काम हुतं. सगळ्यांना तसं कळत नाही. मला मास्तर व्हायचं नव्हतं, आन् मास्तरकी येत पण नाही." एवढं बोलून आत गेले.

आठ महिने बैठक झाली नाही. पण मामांनी भिकन सरांना सोडलं नाही. पहाटे सायकलवरून त्यांच्या दारी जायचे, त्यांना उठवायचे आणि पाणी सोडायला बरोबर न्यायचे. सर चावी फिरवायचे, मामा बाजूला उभे. साडेसहापर्यंत काम आटोपलं की शाळेच्या फाटकाशी सोडून यायचे. सुरुवातीला सर काही बोलत नसत. डिसेंबरमध्ये एकदा त्यांनी मला वर्गात जाता-जाता सांगितलं, "बाई, मी खोटं बोलत होतो. मला शाळेचा कंटाळा आला होता. दुसरं काही नव्हतं." पुढे त्यांची बदली त्यांच्या भागात झाली, मुख्याध्यापक झाले. वत्सलाबाईंनी मामांना कधी माफ केलं नाही. नंतर मोठीच्या लग्नाची पत्रिका आली तीसुद्धा माझ्या नावाने, मामांच्या नव्हे. मामा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये बैठक पुन्हा सुरू झाली, लोकांनी फार आग्रह केला म्हणून. पण रीत बदलली. कोणी काही विचारायला तोंड उघडलं की मामा आधी विचारायचे, "घरी कसं काय?" आणि खरोखर ऐकत बसायचे. म्हातारीचं औषध, भावाशी अबोला, कारखान्यातला संप. त्यातच अर्धा तास जायचा. ज्यांना थेट ज्ञान हवं होतं ते कंटाळून गेले. इंजिनिअरसाहेबांनी सांगून पाहिलं, की मामा, पातळी खाली आली. मामा म्हणाले, "पाणी खालीच जातं, साहेब." ओट्यावर दहा-बारा माणसं राहिली.

शहाऐंशी साली मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ही परीक्षा आहे असं आमच्यातल्या काहींनी आपापल्या मनाने ठरवलं आणि पाहायला आले. त्यांना वाटलं होतं, तेज दिसेल, शांती दिसेल. दिसलं ते असं, की मामींच्या हातून पेज ओठांवरून सांडली की मामांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि शब्द जुळला नाही की ते डाव्या हाताने खाट बडवायचे. कंपाउंडर माझ्याजवळ म्हणाला, "मग काय उपयोग झाला हो?" तो नंतर आला नाही.

वर्षभरात वाचा थोडी परत आली. एक-एक शब्द, मध्ये थांबून. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, भीती वाटली का?"

"वाटली."

"राग?"

"येतो. जातो."

"लोक म्हणतात, जागं झालेल्या माणसाला भीती नसते."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "मी... कवा म्हणलो... असं?"

खरंच कधी म्हणाले नव्हते. मी मागचं सगळं आठवून पाहिलं. आम्हीच ते धरून चाललो होतो.

मग ते थांबत-थांबत आणखी बोलले. मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं, म्हणून शब्द त्यांचेच आहेत: "भीती येती... तवा मी तिला... माझी म्हणत नाही. एवढाच... फरक. लय मोठा... नाय. पण हाय."

एकोणनव्वदच्या जुलैत ते गेले. दुपारची वेळ होती, मामी शेजारी बसल्या होत्या. वसाहतीने त्रिशरण-पंचशील म्हणून सगळं केलं. इंजिनिअरसाहेब रडत होते. पंचवटीत एक लहानसं स्मारक करावं, जागेची व्यवस्था मी करतो, असं ते मल्हारींना म्हणाले. मल्हारींनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "नको. तिथं झाडलोट कोण करील?" विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी ओट्यावर नऊ जण आलो. सांगायला कोणीच नव्हतं. तासभर बसलो आणि उठलो. त्याच्या पुढच्या रविवारी सहा, मग चार. दिवाळीपर्यंत बैठक मोडली. कोणी मोडली नाही, आपोआप मोडली.

मला स्वतःला काय मिळालं असं लोक विचारतात. चौदा आट्यांसारखं माझं काही झालं नाही. वर्गात एखाद्या पोरीवर हात उगारला जातो तेव्हा मध्येच प्रश्न उभा राहतो, कोणाला राग आला? कधीकधी हात खाली येतो. कधीकधी बसतो. पंधरा वर्षांत खाली येण्याचं प्रमाण वाढलं आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकते.